कपाट सात: चरित्र विभागाच्या कामाच्या नोंदी

१५ ऑक्टोबर २०२४, मंगळवार

आज वाचन प्रेरणा दिन. सकाळी शाळेची मुलं रांगेने येऊन फोटो काढून गेली. पुस्तक एकाच मुलीने मागितलं, तेही भुताचं. संध्याकाळी मंडळाची सभा. विषय एकच: २४ डिसेंबरला साने गुरुजींच्या जन्माला १२५ वर्षं पुरी होतात. पालगड आमच्याच दापोली तालुक्यातलं, तेव्हा वाचनालयाने काहीतरी करायला हवं. अध्यक्ष अण्णांचा बेत तयार होता. 'श्यामची आई'च्या जेवढ्या आवृत्त्या असतील तेवढ्या मांडायच्या, हार घालायचा, मुलांकडून वेचे वाचून घ्यायचे.

मी म्हटलं, हार घाला, पण त्यासोबत कपाट सात मला द्या. सातमध्ये चरित्रं-आत्मचरित्रं आहेत आणि गेल्या दहा वर्षांत तिथे कुणी हात घातलेला नाही. वाचावीत अशी चाळीस निवडते. त्यात एक कप्पा आईबापांचा, सगळ्या खऱ्या गोष्टी.

हे डोक्यात आलं त्याला कारण आहे. गेल्या महिन्यात एक मुलगी आली, नवी सभासद, कडेवर चार महिन्यांचं बाळ. म्हणाली, "ताई, आई होण्यावरचं काहीतरी खरं द्या. मूल कसं वाढवावं ते नको, ते मोबाइलवर ढीगभर येतं. कुणाच्या तरी घरात घडलेलं पाहिजे." मी हात लांब करून 'श्यामची आई' काढून दिलं. दुसरं काही सुचलंच नाही. तिसऱ्या दिवशी तिने ते परत आणलं. "चांगलंय," म्हणाली, आणि थांबली. पुढे बोलली नाही, पण माझ्या ते लक्षात राहिलं.

मंजूर. सहा हजार रुपये आणि तात्यांची मदत. तात्या बांधणी करतात, एकतीस वर्षं इथेच आहेत.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

दाखल नोंदवहीप्रमाणे चरित्र विभागात २१३ पुस्तकं. कपाटात सापडली १७१. बाकीची घरोघरी 'अडकलेली' (तात्यांचा शब्द). वरच्या कप्प्यात कसर, खालच्यात ओल. पावसाळ्यात मागची भिंत झिरपते हे सगळ्यांना माहीत, तरी जड पुस्तकं दरवर्षी खालीच ठेवली जातात. केळकरांच्या लोकमान्य-चरित्राचे तीन खंड आहेत. त्यातल्या दुसऱ्याची पानं एकमेकांना चिकटून वीट झालीय. तात्यांनी तो उन्हात ठेवला. बघू.

१७१ मध्ये निदान तीस तर कादंबऱ्याच आहेत. 'स्वामी' इथे, 'मृत्युंजय' इथे, 'श्रीमान योगी'ही इथेच. तात्या म्हणाले, "लोक चरित्र म्हणूनच मागतात, मग ठेवलं." लोक मागतात हे खरंच आहे. कर्ण काय काय बोलला ते सांगून 'खरं हो, पुस्तकात आहे' म्हणणारे सभासद माझ्याकडे तीन तरी आहेत.

२१ ऑक्टोबर, सोमवार

नियम ठरवला: जिथे लेखकाने माणसाच्या तोंडी वाक्यं घातली, ते साहित्याच्या कपाटात, ८९१.४६ या मराठी साहित्याच्या वर्गांकाखाली. चरित्रांच्या ९२० मध्ये फक्त जे घडलं म्हणून लिहिलं ते.

नियम केला आणि पहिल्याच पुस्तकाशी अडले. 'आनंदी गोपाळ'. श्री. ज. जोशींची १९६८ ची कादंबरी. आमच्याकडची प्रत तिसऱ्यांदा बांधलेली, म्हणजे तिच्याएवढं वाचलेलं पुस्तक सातमध्ये दुसरं नाही. ती काढली तर डॉ. आनंदीबाई जोशी कपाटातून जातात. न काढली तर नियम जातो.

काढली. तिच्या जागी अंजली कीर्तन्यांचं 'डॉ. आनंदीबाई जोशी: काळ आणि कर्तृत्व' ठेवणार. जाड आहे, संशोधनाचं आहे, पण वाचवतं. आनंदीबाईंचं पहिलं मराठी चरित्र काशीबाई कानिटकरांनी एकोणिसाव्या शतकातच लिहिलं होतं. एका बाईचं चरित्र बाईनेच लिहिण्याची ती मराठीतली अगदी सुरुवात. ते मिळालं तर घ्यायचं.

हे पुस्तक आईबापांच्या कप्प्यात ठेवणार म्हटल्यावर तात्यांनी भुवई उंचावली. पण आनंदीबाईंच्या डॉक्टर होण्याच्या मुळाशी मूलच आहे. चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या, मुलगा दहा दिवस जगला. औषधपाणी मिळालं असतं तर जगला असता, हे त्यांच्या मनात बसलं. १८८६ च्या मार्चमध्ये पेनसिल्व्हेनियातून पदवी घेतली, प्रबंधाचा विषय प्राचीन हिंदूंचं प्रसूतिशास्त्र. परत आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात वारल्या. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. आपल्याकडे 'पहिली महिला डॉक्टर' एवढं पाठ करून घेतात. ते दहा दिवस कुणी सांगत नाही.

२६ ऑक्टोबर, शनिवार

'श्यामची आई' पुन्हा वाचून काढलं, दोन रात्रींत. शाळेत वाचलं तेव्हा रडले होते, मुलगा झाल्यावर वाचलं तेव्हा धास्तावले होते, आता पंचावन्नाव्या वर्षी वाचताना निराळंच दिसलं.

नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ ला लिहायला घेतलं आणि १३ तारखेच्या सकाळी संपवलं. पाच दिवस! आई जाऊन तेव्हा पंधरा वर्षं उलटली होती. ती १९१७ मध्ये गेली आणि हा शिकायला लांब. म्हणजे शेवटच्या वेळी जवळ नसलेल्या मुलाने, कोठडीत बसून, आठवेल तेवढं एका दमात उतरवलंय. बेचाळीस रात्रींतून दिसते ती आई अशी आठवलेली आई. पाय मळू नयेत म्हणून ओलं लुगडं पसरणारी, पोहायला जात नाही म्हणून फोकाने झोडणारी आणि मग वळ बघून कळवळणारी. सगळं खरंच असणार. पण दारात सावकाराचा माणूस उभा असताना त्या बाईच्या मनात काय चाललं असेल, ते श्यामला दिसलं तेवढंच आपल्याला दिसतं. तिची बाजू तिच्याकडून आपण कधी ऐकलेलीच नाही.

त्या मुलीने परत का केलं, ते आता थोडं समजतंय. मुलाने लिहिलेली आई वाचून नव्या आईचा जीव दडपतो. तेवढी मी कुठून होऊ, असं वाटतं.

पुस्तक कप्प्यात राहणारच, उत्सव त्याचाच आहे. पण ते एकटं ठेवायचं नाही.

(अण्णांना यातलं काही सांगितलेलं नाही.)

९ नोव्हेंबर, शनिवार

दिवाळीनंतर आज काम सुरू. आज महर्षी कर्व्यांचा स्मृतिदिन, १९६२ मध्ये याच दिवशी गेले, १०४ वर्षांचे होऊन. मुरुड आमच्या तालुक्यातलंच. सकाळी हार घालणं झालं आणि दुपारी मी त्यांचं 'आत्मवृत्त' आणि त्यांच्या पत्नी आनंदीबाई कर्व्यांचं 'माझे पुराण' शेजारी शेजारी उघडून बसले. एक १९१५ चं, एक १९४४ चं. एकाच घराच्या दोन हकिकती. दोन्ही आमच्याकडे आहेत हेच मला ठाऊक नव्हतं. 'पुराण' धार्मिकच्या कपाटात निघालं, गुरुचरित्राला टेकून. नाव वाचून कुणीतरी तिथे लावलं असणार. तात्या म्हणतात मी नाही.

'आत्मवृत्त'मधलं मुलांना आवडेल असं म्हणजे साताऱ्याची पायपीट. परीक्षेला बसायचं म्हणून मुरुडहून डोंगर चढून पोरं चालत गेली, आणि तिथे साहेबाने याला बघून सांगितलं, वय कमी दिसतं, बसता येणार नाही. आला तसा परत. कर्वे हे सगळं इतक्या शांतपणे सांगतात की रागसुद्धा आपल्यालाच यावा लागतो.

मग १८९३. पहिली बायको राधाबाई गेलेल्या, रघुनाथ लहान. कर्व्यांनी पुण्यात गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. त्या मूळच्या देवरुखच्या. आठ-नऊ वर्षांच्या असताना लग्न, काही महिन्यांतच नवरा गेला, पुढे पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी त्याच. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या, आणि सगळे त्यांना 'बाया' म्हणत. मुरुडने बहिष्कार घातला. ज्या गावाच्या भल्यासाठी या माणसाने 'मुरुड फंड' काढला, तेच गाव. बहिष्काराचा जाच कर्व्यांना पुण्यात फारसा नव्हता. तो सोसला गावातल्या त्यांच्या आईने. ही तिसरी आई, हिचंही पुस्तक नाही.

१८९६ मध्ये विधवांचा आश्रम निघाला आणि पुढे हिंगण्याला गेला. आश्रमात विधवा राहणार, पण ज्यांच्याशी पुनर्विवाह झाला त्या बाया तिथे राहिल्या तर लोक मदत काढून घेतील. म्हणून बाया मुलांना घेऊन पुण्यात, नवरा हिंगण्यात. पुढे त्याने स्वतःची आयुष्याच्या विम्याची पाच हजारांची पॉलिसी आश्रमाच्या नावे केली. 'आत्मवृत्त' वाचताना हा त्याग वाटतो. 'पुराण' वाचताना पदरात मुलं असलेली बाई समोर येते. हा उद्या गेला तर या पोरांनी काय खायचं, हा हिशेब तिलाच करावा लागत होता. घर तिने चालवलं, वर्गणीही गोळा केली, आणि सांगते कसं, तर मांडी घालून शेजारणीशी बोलावं तसं.

इरावतीबाईंनी सासऱ्यांवर लिहिताना म्हटलंय की या माणसाची सून होणं हे भाग्य, आणि बायको नव्हते हे त्याहून मोठं भाग्य. ते वाक्य हसू येतं म्हणून लोक सांगतात. 'पुराण' वाचल्यावर हसू येत नाही.

ठरलं. कप्पा आईबापांचा, पण पुस्तकं जोडीने लावायची. एकाच्या शेजारी त्याच घरातलं दुसरं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

जोडीचा तिसरा भिडू सापडला. बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले, 'माझी कहाणी', १९२८. विशीत वैधव्य, पदरात एक मुलगा. बहिणीने पुनर्विवाह केला, हिने नाही केला. आश्रमासाठी वर्गणी मागत देश पालथा घातला आणि चाळिशी ओलांडल्यावर इंग्रजी शिकायला एकटी अमेरिकेला गेली. आमच्याकडे नाही. शोधायला हवं.

आणि त्याच घरातले रघुनाथ धोंडो. संततिनियमनाचं पहिलं केंद्र मुंबईत १९२१ मध्ये काढलं, प्राध्यापकी गेली, १९२७ पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं. स्वतः मूल होऊ द्यायचं नाही हे नवरा-बायकोने ठरवून केलं. य. दि. फडक्यांनी लिहिलेलं त्यांचं चरित्र याच कप्प्यात. मूल नको म्हणणाऱ्यांची गोष्टही आईबापपणाचीच की! अण्णा काय म्हणतील ते म्हणोत.

१६ नोव्हेंबर, शनिवार

ती मुलगी आली होती. बाळ आता सहा महिन्यांचं, टेबलावरचे शिक्के ओढतं. मी तिला 'पुराण' दाखवलं. घरी देता येत नाही, एकच प्रत आणि तीही पानं सुटलेली. म्हणाली, इथेच वाचते. बाकावर बसली, बाळ मांडीवर झोपलं, तासभर वाचत होती.

जाताना म्हणाली, "विम्याचं आलं ना, तिथे मला एकदम बरं वाटलं. म्हणजे वाईट वाटलं, पण बरं वाटलं. नवरा देवमाणूस असला तरी माझ्या मुलांचं काय, असं विचारणारी कुणीतरी होती."

माझा मुलगा तीन वर्षांचा असताना मी इथे लागले. दुपारी तो देवघेवीच्या टेबलाखाली पोत्यावर झोपायचा. त्याला आठवत नाही. त्याने कधी लिहिलं तर त्यात हे नसेल.

२० नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेचं मतदान. वाचनालय बंद. घरी बसून कार्डं कापली.

२३ नोव्हेंबर, शनिवार

आज निकाल, त्यामुळे वाचकांत चिटपाखरू नाही, शांतपणे मोठा भाग हातावेगळा केला. १९७८ च्या 'बलुतं'पासून पुढची दलित आणि भटक्या-विमुक्तांची आत्मकथनं. आमच्याकडे अकरा आहेत. सगळी कपाट अकरामध्ये, 'सामाजिक' अशी चिठ्ठी लावून. कर्वे चरित्रात आणि दया पवार सामाजिकमध्ये! कुणी मुद्दाम केलं नसेल, पण झालंय. सगळी सातमध्ये आणली.

आईबापांचा कप्पा खरं तर इथेच भरतो. शरणकुमार लिंबाळ्यांचं 'अक्करमाशी' (१९८४): शाळेत नाव घालताना बापाचं नाव काय लावायचं हाच प्रश्न. बाप गावचा पाटील, तो नाव देत नाही. किशोर शांताबाई काळ्यांचं 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४): तमाशात नाचणाऱ्या आईचं पोर डॉक्टर झालं आणि मधलं नाव आईचं लावलं. हे पुस्तक आईची पूजा करत नाही. आई आपल्याला सोडून जाते तेव्हा पोराला काय होतं ते लिहितं, तिला कुठल्या रिवाजाने बांधलंय तेही लिहितं. 'श्यामची आई' संपवून लगेच हे घ्यावं असं मला वाटतं. एका हातात एक, दुसऱ्या हातात दुसरं.

बापाच्या गोष्टी मराठीत कमी, आणि ज्या आहेत त्यात बाप बहुधा तापट किंवा गेलेला. म्हणून नरेंद्र जाधवांचं 'आमचा बाप आन् आम्ही' (१९९३) मला हवंच होतं. ओझरचे दामोदर जाधव. येसकराची, म्हणजे महारांवर लादलेली गावचाकरीची, कामं करणार नाही म्हणून गाव सोडलं, बायकोला घेऊन मुंबई गाठली. निवृत्त झाल्यावर घरात स्वस्थ बसवेना, सगळ्या वस्तू दुरुस्त करत सुटले, तेव्हा मुलाने हातात वही दिली: लिहा. जेमतेम अक्षरओळख असलेला बाप लिहीत गेला. म्हणून या पुस्तकात बाप स्वतःच्या तोंडाने बोलतो आणि मुलंही बोलतात. मी जोड्या लावत बसलेय, इथे जोडी एकाच बांधणीत आहे.

बायकांनी लिहिलेलं: बेबी कांबळे, 'जिणं आमुचं', १९८६. फलटणच्या. दुकान सांभाळता सांभाळता नवऱ्यापासून लपवून वर्षानुवर्षं लिहिलं. त्यातली बाळंतपणं वाचताना मी दोनदा पुस्तक मिटलं. बाळंतिणीला खायला नाही, दाई अडाणी, पोर जगलं तर जगलं. ते ती रडून सांगत नाही, वस्तीतली रीत सांगावी तशी सांगते. आणि आमच्या रत्नागिरीच्याच ऊर्मिला पवार, 'आयदान', २००३. आई बांबूची आयदानं विणून विकायची, म्हणून हे नाव. पुढे लेखिका स्वतः आई होते, नोकरी, शिक्षण, चळवळ यांत धावते, घरात त्यावरून बोलणी खाते, आणि तरुण मुलगा गमावते. लेक आणि आई या दोन्ही बाजू एकाच बाईने लिहिलेल्या मला एवढ्या स्पष्ट दुसरीकडे सापडल्या नाहीत. चाळीसमधून एकच निवड म्हणालात तर हे.

मंडळातले एक काका दुपारी डोकावले. चळत बघून म्हणाले, "मंगल प्रसंगी एवढं दुःखाचं कशाला मांडता?" मी विचारलं, "श्यामची आई सुखाचं आहे का?" ते चहा घेऊन गेले.

२७ नोव्हेंबर, बुधवार

कीरांचं आंबेडकर-चरित्र (इंग्रजी १९५४, मराठी १९६६) कुठे ठेवायचं? चाळीसमध्ये अर्थातच आहे. खैरमोड्यांचे खंडही, जेवढे आहेत तेवढे. पण मला ते आईबापांच्या कप्प्याजवळ हवंय. रमाबाई आमच्या वणंदच्या. आईबाप लहानपणी गेले, काका-मामांनी मुंबईला नेलं, लग्न भायखळ्याच्या बाजारात. पाच मुलांतलं एक जगलं, यशवंत. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न गेले. राजरत्न गेल्यावर १९२६ मध्ये बाबासाहेबांनी दत्तोबा पवारांना लिहिलेलं पत्र चरित्रात आहे: चार मुलं पुरली, आम्ही दोघं खचलो आहोत. एरवी ज्या माणसाचं वाक्य कोर्टात उभं राहिल्यासारखं असतं, त्याचं हे पत्र.

रमाबाई १९३५ मध्ये गेल्या. १९४० मध्ये निघालेल्या पाकिस्तानवरच्या ग्रंथाची अर्पणपत्रिका 'रामू'च्या नावे आहे. त्यांच्याबद्दल नंतर पुष्कळांनी लिहिलं, गाणी झाली. त्यांनी स्वतः सांगितलेलं मात्र काही नाही. कीरांच्या शेजारी एका पुस्तकाएवढी जागा मोकळी ठेवतेय. तात्यांनी तेवढ्या जाडीचा पुठ्ठा कापून दिला, त्यावर नुसतं 'रमाबाई, वणंद' लिहिलं.

३ डिसेंबर, मंगळवार

खरेदी. पुण्याच्या एका विक्रेत्याकडे यादी पाठवली होती. सतरा मागितली, अकरा आली, त्यातलं एक भलतंच, आणि बिलात सतराही. फोनवर म्हणाला, बाकीची पुढच्या लॉटमध्ये. कुठला लॉट? पैसे अडकले ३,१४०. अण्णांनी पत्र लिहिलंय.

'माझी कहाणी' नाही मिळालं. काशीबाईंचं चरित्रही नाही. 'माझे पुराण'ची दुसरी प्रत नाहीच. तात्यांनी आहे तिची शिवण उसवून नव्याने घातली, कडेला जपानी कागद लावला. रंग थोडा वेगळा दिसतो, पण उघडताना आता कुरकुरत नाही.

आली त्यात 'एक होता कार्व्हर'ची नवी प्रत. वीणा गवाणकरांचं हे १९८१ पासून घराघरांत आहे, आमच्या जुन्या प्रतीचं पहिलं पान वाचकांनी हाताळून हाताळून गेलं होतं. लोक ते शेंगदाण्यासाठी लक्षात ठेवतात. मी ते आईबापांत लावलं. गुलाम आईला टोळीने पळवलं ती सापडलीच नाही, तान्हं पोर घोड्याच्या बदल्यात परत आलं, आणि मोझेस व सुझन कार्व्हर या गोऱ्या जोडप्याने ते वाढवलं. नाव त्यांचंच लागलं. जन्म न दिलेल्या आईबापांची गोष्ट म्हणून वाचली तर सुरुवातीची पानं फार वेगळी वाटतात.

त्यांचंच 'डॉ. आयडा स्कडर'ही. एकाच रात्री तीन घरांतून माणसं आली, बायको अडलीय, पण पुरुष डॉक्टर नको. सकाळपर्यंत तिघी गेल्या. मिशनऱ्याच्या त्या मुलीने मग वैद्यक शिकायचं ठरवलं, वेल्लोरचं रुग्णालय त्यातून उभं राहिलं.

आणि 'तोत्तोचान'. ते बालविभागात असतं, तिथून एक प्रत इकडे. सगळे त्यातल्या रेल्वेच्या डब्यांतल्या शाळेवर आणि कोबायाशी सरांवर बोलतात. मला आवडते तिची आई. पहिल्या शाळेने पोरीला काढून टाकलं हे तिने लेकीला विशी उलटेपर्यंत कळू दिलं नाही. नवी शाळा बघू या, एवढंच म्हणाली.

१५ डिसेंबर, रविवार

कार्डं लिहून झाली. प्रत्येक पुस्तकात एक. गुणवर्णन नाही, फक्त कुणी लिहिलं, कुणाबद्दल, आणि त्याच घरातलं दुसरं पुस्तक कपाटात कुठे.

'स्मृतिचित्रे'चं कार्ड तीनदा लिहिलं. लक्ष्मीबाई टिळकांवर मी चार ओळीत कशी लिहू? बाप सोवळ्याने वेडा, घरात येणारं मीठसुद्धा धुवायचा. नवरा कवी, कधी कुठे निघून जाईल याचा नेम नाही. १८९५ मध्ये तो ख्रिस्ती झाला तेव्हा दत्तू लहान होता. काही वर्षं लेकराला घेऊन नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या, मग आपल्या मनाने नगरला गेल्या. आणि हे सगळं हसवत सांगतात. शेवटचा भाग त्या गेल्यावर मुलाने, देवदत्तांनी पुरा केला. कार्डावर शेवटी एवढंच लिहिलं: आईचं पुस्तक, शेवट लेकाच्या हातचा. शेजारी काही ठेवायची गरज नाही.

सुनीताबाईंचं 'आहे मनोहर तरी' चाळीसमध्ये आहे, या कप्प्यात नाही. 'सांगत्ये ऐका', 'उपरा', 'एक झाड आणि दोन पक्षी', 'कऱ्हेचे पाणी' ही इतर कप्प्यांत. त्यांच्यावर पुन्हा कधी.

एकूण झाली एकेचाळीस. काढायचं एकही सुचत नाही. पुठ्ठा धरून बेचाळीस, आणि गुरुजींच्या रात्रीही बेचाळीस, हे तात्यांच्या लक्षात आलं. ते भारी खूश.

२४ डिसेंबर, मंगळवार

हार, वेचे, भाषणं झाली. पालगडची दोन मुलं आली होती, त्यांनी पोहण्याची रात्र वाचली, चांगली वाचली. अण्णांनी भाषणात कपाट सातचा उल्लेख 'आमचा संकल्प' असा केला. असू दे.

'दुःखाचं कशाला' म्हणणारे काका 'आमचा बाप' घेऊन गेले. मी काही बोलले नाही. दिवसभरात सातमधून नऊ पुस्तकं गेली. 'कार्व्हर' दोन, 'आयदान' एक, 'कोल्हाट्याचं पोर' एक (नेणारी बारावीतली मुलगी, तिच्या आईने मागून येऊन पुस्तक उलटसुलट बघितलं आणि परत तिच्याच हातात दिलं), फडके एक, कीर एक, 'तोत्तोचान' एक, 'स्मृतिचित्रे' एक आणि काकांचं. 'श्यामची आई'च्या सहा आवृत्त्या टेबलावर होत्या, हारासकट, त्या उद्या जागेवर लावायच्या.

एका लहान मुलाने पुठ्ठा उपसून काढला आणि आत पुस्तक का नाही विचारलं. त्याच्या आजीने त्याला बाहेर नेऊन बराच वेळ काहीतरी सांगितलं. पुठ्ठा परत आला तेव्हा उलटा लागला होता, तो सरळ केला.

ती मुलगी दुपारी येऊन बाकावर बसली होती. गर्दीत बाळ रडायला लागलं तशी घाईने उठून गेली. बंद करताना 'पुराण' कपाटात ठेवायला उचललं तर निम्म्याच्या थोडं पुढे खूण घातलेली. बघते तर बाळाच्या लसीकरणाचं कार्ड. पुढची तारीख २६ डिसेंबर. उद्या सकाळी उघडल्या उघडल्या तिला फोन करायचा. त्या पानात दुसरी चिठ्ठी घातली आहे.